आमदाराचा प्रश्न कुठे जातो?



या व्याख्यानमालेच्या आयोजकांनी मला विषय दिला तो ‘लोकप्रतिनिधी आणि स्थानिक प्रश्न’. विषय इतका ऐसपैस की त्यात अख्खी लोकशाही मावेल आणि ऐकणाऱ्याला अर्ध्या तासात डुलकी लागेल. म्हणून मी तो कापून लहान केला आहे. उत्तर नागपूरच्या आमदारानं पाण्याचा, गडरलाइनचा किंवा पोलीस ठाण्याचा प्रश्न सभागृहात विचारला, तर पुढे त्या प्रश्नाचं नक्की होतं काय, एवढंच आज पाहायचं.

थोडा इतिहास आधी, कारण तो मजेशीर आहे. १७२१ साली इंग्लंडच्या उमरावांच्या सभागृहात अर्ल कूपर यांनी सरकारला विचारलं की साउथ सी कंपनीचा पळालेला खजिनदार रॉबर्ट नाइट पकडला गेला, हे खरं का? संसदेत नोंदला गेलेला पहिला प्रश्न हाच, असं मानतात. म्हणजे ‘फरार आरोपी सापडला काय’ हा प्रश्न तीनशे वर्षं जुना आहे, तो काही उत्तर नागपुरातल्या जरीपटक्यानं शोधून काढलेला नाही. आपल्याकडे कौन्सिलातल्या सभासदांना प्रश्न विचारण्याची मुभा १८९२ च्या कायद्यानं मिळाली. पण उत्तर आल्यावर त्यावर उलटून दुसरा प्रश्न, म्हणजे पूरक प्रश्न, विचारायला १९०९ साल उजाडावं लागलं. आणि तीही सवलत मूळ प्रश्नकर्त्यालाच. इंग्रज सरकारनं पहिला प्रश्न दिला आणि दुसरा सतरा वर्षं रोखून धरला. धोका कुठे आहे हे त्यांना बरोबर कळलं होतं. १९१४ मध्ये इथं नागपुरात मध्य प्रांताची कौन्सिल बसली ती दोन्ही हक्क घेऊन.

पुढे १९५६ मध्ये नागपूरचं राजधानीपण गेलं. त्याआधी, २८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या नागपूर करारानं एक कबुली दिली होती, की सरकार दरवर्षी काही काळ नागपुरात येईल आणि विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन इथं भरेल. त्या कबुलीमुळेच डिसेंबरात सिव्हिल लाइन्समध्ये खुर्च्या पुसल्या जातात, रविभवनात खोल्या रंगवल्या जातात, आणि राज्य चालवणारी माणसं जरीपटक्यापासून चार-पाच किलोमीटरवर येऊन बसतात. इतकं जवळ येऊन बसलेल्या सरकारला जरीपटका कितपत दिसतो, हा आजचा मुद्दा.

आता यंत्रणा. तारांकित, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या, प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. ‘सन्माननीय गृहमंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात. मग एक, अमुक वस्तीत अमुक घडले हे खरे आहे काय. दोन, असल्यास शासनाने चौकशी केली आहे काय. तीन, चौकशीत काय आढळले व कोणती कारवाई केली. चार, नसल्यास विलंबाची कारणे काय. उत्तराचाही साचा आहे. ‘हे खरे आहे’, ‘हे खरे नाही’, आणि सगळ्यात लाडकं, ‘हे अंशतः खरे आहे’. शेवटच्या पोटप्रश्नासमोर बहुधा ‘प्रश्न उद्भवत नाही’. ज्यांनी या याद्या वाचल्या आहेत ते आत्ता हसताहेत, ज्यांनी वाचल्या नाहीत त्यांनी एकदा वाचाव्यात. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात.

तर हा प्रश्न स्वीकारला गेला की तो मुंबईहून निघतो. गृहखात्याचा असेल तर मंत्रालय, मग महासंचालकांचं कार्यालय, पोलीस आयुक्त, परिमंडळाचे उपायुक्त, आणि शेवटी ठाणेदार. महापालिकेचा असेल तर नगरविकास विभागातून आयुक्तांकडे, तिथून ‘मंगळवारी’ झोनच्या सहायक आयुक्तांकडे आणि त्यांच्याकडून कनिष्ठ अभियंत्याकडे. ‘विधानसभा तारांकित, अतितातडीचे’ असा शेरा असलेला कागद टेबलावर पडला की कार्यालयाचा श्वास बदलतो. रजा रद्द होतात. चार महिने न सापडलेलं अर्जाचं बाड दुपारपर्यंत सापडतं. कित्येकदा तर प्रश्न सभागृहात यायच्या आत गटाराचं ते झाकण बसलेलं असतं, रस्त्यावरचा तो दिवा लागलेला असतो, म्हणजे उत्तरात ‘कार्यवाही करण्यात आली आहे’ असं लिहिता यावं. माझ्या मते आमदाराच्या प्रश्नाचं खरं फळ ते हेच, सभागृहातली टाळी नव्हे.

पण याच प्रवासात एक खोट आहे, आणि ती फार कुणी बोलून दाखवत नाही. मंत्री उभं राहून जे उत्तर वाचतात त्याचा पहिला मसुदा त्याच कार्यालयात लिहिला जातो, ज्याच्या कामाबद्दल प्रश्न विचारलेला असतो. ठाणेदार तक्रार घेत नाही असा प्रश्न असेल तर तक्रार घेतली की नाही हे सांगायचं ठाणेदारानंच. वर जाताना भाषा गुळगुळीत होत जाते. उपायुक्त दोन शब्द वगळतात, मंत्रालयातला कक्ष अधिकारी एक जोडतो, आणि ‘अंशतः खरे’ तयार होतं. हे खोटं असतं असं मी म्हणत नाही. आरोपीनंच आपला जबाब टाइप करून न्यायाधीशाच्या हाती द्यावा, तितपत ते खरं असतं.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं महत्त्व. मंत्र्यांनी ‘नियमित गस्त घालण्यात येते’ असं वाचलं की आमदाराला विचारता आलं पाहिजे की अमुक तारखेला, अमुक गल्लीत, रात्री अकरा ते पहाटे पाच, गस्तीच्या नोंदवहीत सही कुणाची आहे? हा प्रश्न मुंबईच्या बंगल्यात बसून सुचत नाही. तो वस्तीतून यावा लागतो. आणि वस्तीतून आला नाही तर काय होतं, ते सांगायला मला फार लांब जावं लागत नाही.

कस्तुरबा नगर. जरीपटक्याच्या शेजारची दलितबहुल वस्ती. नव्वदच्या दशकापासून अक्कू यादव नावाच्या गुंडानं तिथं जे केलं ते तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. खून, बलात्कार, हप्ते, घरात घुसून लूट. तक्रारी झाल्या. त्याला अटकही अनेकदा झाली आणि तो अनेकदा सुटूनही आला. तक्रार द्यायला गेलं तर तक्रार त्याच्याच कानी जाते, असं वस्तीतल्या बायका सांगत होत्या. ऑगस्ट २००४ मध्ये वस्ती उठली, त्याचं घर पाडलं गेलं, आणि तो पोलिसांच्या ताब्यात गेला. १३ ऑगस्ट २००४ रोजी त्याला जिल्हा न्यायालयात आणलं तेव्हा वस्तीतल्या बायका मोठ्या संख्येनं तिथं जमल्या होत्या. मिरचीची पूड, सुऱ्या. न्यायालयाच्या खोलीतच तो मारला गेला. पोलिसांनी काही बायकांना पकडलं तर बाकीच्या म्हणू लागल्या, आम्हा सगळ्यांना पकडा. पुढे दहा वर्षं खटला चालला आणि २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले.

या प्रकरणावर पुढे सिनेमा निघाला, वेबमालिका निघाली. कस्तुरबा नगरचं नाव दूरदूर पोचलं. मला त्यातल्या बायकांच्या धाडसाचं कौतुक करायचं नाही. न्यायालयाच्या खोलीत माणूस मारला जाणं हे कुठल्याही सभ्य समाजाचं अपयशच आहे, मेलेला माणूस कितीही नीच असो. माझं लक्ष दुसरीकडे जातं. जिल्हा न्यायालयापासून विधानभवन चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्या सगळ्या वर्षांत हिवाळी अधिवेशनं तिथंच भरत होती. कायदा-सुव्यवस्थेवर चर्चा होत होत्या, गृहमंत्री आकडे वाचत होते. आणि एका वस्तीतल्या शेकडो बायकांना ठाम वाटत होतं की आपलं ऐकणारी एकही जागा या शहरात उरलेली नाही. ठाणं नाही, कचेरी नाही, न्यायालय नाही, सभागृहही नाही. प्रश्नाला वाट सापडली नाही की तो सुरी घेऊन निघतो.

इथं आकड्यांबद्दल दोन शब्द, कारण सुरक्षेवरची चर्चा आपल्याकडे आकड्यांतच बुडून मरते. दरवर्षी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल येतो, नागपूरचा क्रमांक वर लागला की विरोधक ‘गुन्हेगारीची राजधानी’ म्हणतात, आणि सरकार म्हणतं की लोकसंख्येच्या प्रमाणात पाहा, शिवाय आम्ही गुन्हे दडपत नाही, नोंदवतो. गंमत अशी की दोन्ही बाजू आळीपाळीनं दोन्ही वाक्यं बोलतात. पण सरकारी उत्तरात एक तथ्य आहेच. तक्रार न घेणारं ठाणं कागदावर सर्वांत शांत दिसतं. कस्तुरबा नगरच्या त्या वर्षांत जेवढी दहशत होती तेवढे गुन्हे कागदावर कसे असतील? तेव्हा आमदारानं ‘गुन्हे किती वाढले’ हे विचारणं म्हणजे मंत्र्याला सोपा चेंडू टाकणं. विचारायचं ते असं: गेल्या वर्षभरात या ठाण्यात किती अर्ज आले, त्यांतल्या किती अर्जांवर एफआयआर झाला, उरलेल्यांचं काय झालं? दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिताकुमारी प्रकरणात सांगून टाकलं आहे. दोषारोपपत्र किती दिवसांत गेलं, किती खटले टिकले, तडीपार केलेला माणूस किती वेळा त्याच गल्लीत सापडला. या प्रश्नांना ‘अंशतः खरे’ म्हणता येत नाही, तिथं संख्या द्यावी लागते.

शिवाय सुरक्षा म्हणजे प्रत्येक मोहल्ल्याला वेगळी. जरीपटक्याच्या बाजारपेठेत फाळणीनंतर सिंधमधून सर्वस्व गमावून आलेल्या कुटुंबांची तिसरी-चौथी पिढी दुकानं चालवते. त्यांना चोऱ्या, खंडणी, सणासुदीतली कोंडी, रात्री रोकड घरी नेण्याचा रस्ता यांची काळजी. इंदोऱ्यातल्या, नाऱ्यातल्या वस्त्यांना रस्त्यावरचे दिवे, दारूचा गुत्ता आणि ठाण्यात मिळणारी वागणूक यांची. दुकानदाराला वाटतं पोलीस अधिक वेळा दिसावा. वस्तीतल्या पोराला वाटतं तो कमी वेळा दिसावा, आणि दिसला तर नीट बोलावा. एकाच मतदारसंघाचा आमदार दोघांचाही असतो. दोघांचा प्रश्न एका वाक्यात कोंबला की ‘गस्त वाढवण्यात येईल’ एवढंच उत्तर मिळतं, आणि ते दोघांच्याही कामाचं नसतं.

नायलॉन मांजाचं उदाहरण घ्या. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली. जानेवारी २०२३ मध्ये याच जरीपटका भागात दुचाकीवरून जाणाऱ्या अकरा वर्षांच्या मुलाचा गळा त्या मांजानं चिरला आणि तो गेला. बंदीला साडेपाच वर्षं झाली होती. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं हा विषय आधीच स्वतःहून हाती घेतला होता आणि पोलीस-महापालिकेला पुन्हा पुन्हा बोलावून विचारत होतं. न्यायालयानं विचारावं हे चांगलंच. पण हा प्रश्न मुळात सभागृहाचा आहे. माल कुठल्या राज्यातून येतो, कुठल्या गोदामात उतरतो, कारवाई डिसेंबर-जानेवारीतच का होते, ऑगस्टात का नाही? संक्रांतीच्या तोंडावर फेरीवाल्याकडच्या चार चकऱ्या जप्त केल्याचा फोटो छापून आणणं म्हणजे कारवाई नव्हे.

आता स्थानिक सेवा. इंदोरा चौकात उभं राहा आणि वर पाहा. मेट्रो, तिच्या खाली उड्डाणपूल, त्याच्या खाली कामठी रोड, रोडखाली जलवाहिनी आणि गडरलाइन, कडेला महावितरणची डीपी. या एका चौकाचे मालक किती? महामार्गवाले, महामेट्रो, महापालिका, पाणीपुरवठ्याची खासगी कंपनी, महावितरण, आणि आतल्या लेआउटमध्ये शिरलात की नागपूर सुधार प्रन्यास. ५७२ आणि १९०० लेआउट हे आकडे नागपुरात पोरासोरांना पाठ आहेत. भूखंड घेताना पैसे भरले, नियमितीकरणाला पैसे भरले, आणि रस्ता मागायला गेलं की प्रन्यास महापालिकेकडे बोट दाखवतं आणि महापालिका प्रन्यासकडे. प्रन्यास बरखास्त करण्याच्या घोषणा झाल्या, फिरल्या, प्रन्यास आहे तिथंच आहे. विजेतही हेच पाहिलं आपण. २०११ पासून शहराच्या तीन विभागांत वितरण फ्रँचायझीकडे होतं, २०१९ मध्ये ते परत महावितरणकडे आलं. या आठ वर्षांत बिलाची तक्रार कुणाकडे करायची हेच लोकांना नीट उमगलं नाही. जबाबदारी इतक्या हातांत वाटली गेली की सामान्य माणसाला शेवटी ओळखीचा एकच चेहरा उरतो, आमदाराचा.

त्यात मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ या काळात नागपूर महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. मुदत संपली, प्रशासक आले, निवडणूक लांबत गेली. आधी आरक्षणाचा वाद, मग प्रभागरचनेचा, मग तारखांवर तारखा. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बजावल्यावर चक्रं हलली. जवळजवळ चार वर्षं १५१ नगरसेवकांचं काम शहरातल्या सहा आमदारांच्या गळ्यात पडलं. तुंबलेल्या नालीची तक्रार थेट विधानसभेत जाऊ लागली, आणि नगरविकास मंत्र्यांनी ‘महानगरपालिकेने कळविले आहे की’ असं म्हणत पिवळ्या नदीच्या सफाईचं उत्तर द्यावं, अशी वेळ आली. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलावाचं पाणी शहरात शिरलं तेव्हाही विचारायला नगरसेवक नव्हता. राज्याचं धोरण ठरवायला निवडून दिलेल्या माणसाला आपण गटाराच्या झाकणामागे धावायला लावलं, आणि वर ‘आमदार धोरणावर बोलत नाहीत’ म्हणून नावं ठेवतो.

उत्तर नागपूरचे आमदार नितीन राऊत यांची कारकीर्द या दृष्टीनं पाहण्यासारखी आहे. १९९९, २००४ आणि २००९ असे सलग तीनदा निवडून आले, २०१४ ला भाजपचे डॉ. मिलिंद माने जिंकले, २०१९ आणि २०२४ ला पुन्हा राऊत. या प्रवासात ते प्रश्न विचारणाऱ्या बाकावरही बसले आणि उत्तर देणाऱ्याही. ऊर्जामंत्री असताना टाळेबंदीतल्या वाढीव बिलांवर सवलत मिळेल अशी आशा त्यांनी लावली, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये वापरलेल्या विजेचे पैसे भरावेच लागतील असं सांगायची पाळी त्यांच्यावर आली. त्या वेळी समोरून विचारणाऱ्यांत विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस होते. आज राऊत विचारतात आणि गृहखातं सांभाळणारे मुख्यमंत्री फडणवीस उत्तर देतात. खरं तर २०१४ पासूनचा बहुतेक काळ राज्याचं गृहखातं नागपूर जिल्ह्यातल्याच माणसाकडे राहिलं आहे, कधी फडणवीस, मध्ये काही काळ काटोलचे अनिल देशमुख. जरीपटक्याच्या ठाण्याबद्दल विचारलं तर उत्तर देणारा माणूस त्या ठाण्यावरून शंभरदा गेलेला असतो. ही सवलत मुंबईकरांनाही नाही! तरी कागदावरच्या उत्तरात याचा मागमूस दिसत नाही, कारण कागद लिहिणारे हात तेच असतात. पक्ष बदलले, बाक बदलले, मसुद्याची भाषा बदलली नाही.

आणि प्रश्नालाच जागा उरेनाशी झाली आहे. डिसेंबर २०२४ आठवा. १५ डिसेंबरला नागपूरच्या राजभवनात मंत्र्यांचा शपथविधी झाला, १६ ला अधिवेशन सुरू झालं, २१ ला संपलं, आणि खातेवाटप जाहीर झालं ते अधिवेशन आटोपल्यावर. आठवडाभर सभागृहात मंत्री होते, पण बहुतेकांना खातं नव्हतं. पाण्याबद्दल विचारायचं तर कुणाला? २०२५ चं अधिवेशन ८ डिसेंबरला सुरू होऊन १४ ला संपलं, आणि तेव्हा दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेता नव्हता. विधानसभेत २८८ पैकी दहा टक्के जागा कुठल्याच विरोधी पक्षाकडे नाहीत म्हणून, आणि परिषदेतल्या नेत्याची मुदत संपली म्हणून. करार पाळला गेला, अधिवेशन झालं. पण सहा-सात दिवसांत विदर्भ उरकायचा, पुरवणी मागण्या उरकायच्या, विधेयकं उरकायची, त्यात जरीपटक्याच्या गडरलाइनला किती मिनिटं येणार?

मिनिटं मिळत नाहीत म्हणून मग विधानभवनाच्या पायऱ्या. डिसेंबर २०२५ मध्ये जुन्नरचे आमदार शरद सोनवणे बिबट्याचा वेश करून विधानभवनात आले. सगळ्या वाहिन्यांनी दाखवलं, लोक हसले. जुन्नर-शिरूर पट्ट्यात उसाच्या फडातून बिबट्या अंगणात येतो, पोरं-म्हातारी उचलून नेतो, तिथल्या माणसाला हसू आलं नसेल. मला त्या आमदाराची टिंगल करायची नाही. नीट लिहिलेल्या प्रश्नाला दोन ओळींची बातमी मिळत नसेल तर माणूस कातडं पांघरणारच. तरीही सांगतो, वेशाचं उत्तर द्यायला कुठलंही कार्यालय बांधील नसतं, तारांकित प्रश्नाचं द्यावंच लागतं. पायरीवरचा फलक दुपारी कचऱ्यात जातो. छापील प्रश्नोत्तराची यादी ग्रंथालयात राहते.

सभागृहाबाहेरून विचारण्याची वाटही या शहराला ठाऊक आहे आणि तिची किंमतही. २३ नोव्हेंबर १९९४ ला अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली, ११४ माणसं मेली, त्यांत बायका-मुलं फार. त्यांना निवेदन द्यायचं होतं आणि ते घ्यायला जबाबदार माणूस हवा होता. झिरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे. आजही अधिवेशनात मोर्चे मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर अडतात, शिष्टमंडळ आत जातं, निवेदन देतं, फोटो काढून परत येतं.

मग चांगला प्रश्नकर्ता कसा असतो? विदर्भाला तो पाहायला बाहेर जावं लागत नाही. प्रा. बी. टी. देशमुख अमरावती पदवीधर मतदारसंघातून १९८० पासून तीस वर्षं विधान परिषदेत होते. सिंचनाच्या अनुशेषावर ते बोलायला उभे राहिले की अधिकारी दीर्घेत कागद चाळायला लागत. दांडेकर समितीनं १९८४ मध्ये राज्याचा अनुशेष ३,१८६ कोटींचा काढला. तो आकडा अनेकांनी भाषणात वापरला, पण त्यामागचा तक्ता न् तक्ता वाचून, एका वर्षीचं उत्तर पुढच्या वर्षीच्या उत्तरासमोर ठेवून ‘यातलं खरं कोणतं’ असं विचारणारे थोडेच. विदर्भाबाहेर पाहायचं तर मृणाल गोरे १९६१ मध्ये मुंबई महापालिकेत नळाच्या पाण्यासाठी भांडत आल्या, १९७२ मध्ये विधानसभेत आणि १९७७ मध्ये लोकसभेत गेल्या. ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यांना लोकांनी दिलं. गल्लीतला नळ त्यांनी विधानसभेत नेला तेव्हा तो गल्लीचाच राहिला, भाषणाचा झाला नाही. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले, बहुतेक काळ विरोधात. दुष्काळी तालुक्याचं पाणी ते दशकानुदशकं विचारत राहिले. एकच प्रश्न पुन्हा विचारायला लाज वाटून चालत नाही. आपल्याकडे आमदाराला नवा विषय हवा असतो, जुन्यावर बातमी होत नाही.

एक कायद्याची गोष्ट सांगून आवरतं घेतो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात एक वाक्य होतं, की जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येणार नाही ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. त्या एका वाक्यानं तुम्हाला-मला आमदाराच्या बरोबरीला बसवलं होतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं ते वाक्य काढून टाकलं. त्यावर बिबट्याचा वेश कुणी केला नाही. आता कोणत्या अधिकाऱ्यानं कुठल्या तक्रारीवर काय शेरा मारला हे मागितलं तर ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार मिळायची शक्यता वाढली आहे. जे तुम्हाला मिळणार नाही ते आमदार अजून मागू शकतो. म्हणून त्याचा प्रश्न पूर्वीपेक्षा महाग झाला आहे, आणि तो आपण स्वस्तात वाया जाऊ देता कामा नये.

तेव्हा एक विनंती करतो, ती इथं समोर बसलेल्या व्यापारी संघटनांना, बचतगटांच्या ताईंना, विहारांतल्या आणि दरबारांतल्या मंडळींना, आणि कॉलेजातल्या मुलामुलींना. दिवाळीच्या आधी एकत्र बसा. वर्षभराच्या तक्रारींच्या पोचा, तारखा, दिव्यांच्या खांबांचे क्रमांक, ठाण्यानं न घेतलेल्या अर्जांच्या प्रती असं सगळं एका फाइलमध्ये लावा आणि ती आमदारांच्या हाती द्या, कारण प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात. तीच फाइल आता निवडून आलेल्या नगरसेवकांनाही द्या, म्हणजे नालीचा प्रश्न नालीच्या जागी सुटेल आणि आमदाराला ठाण्याचा विचारता येईल. आणि डिसेंबरात उत्तर छापून आलं की ते घेऊन मंगळवारी झोनच्या कार्यालयात आणि जरीपटका ठाण्यात जा. मंत्र्यांनी सभागृहात जे आश्वासन दिलं ते पाळलं गेलं नाही तर विधिमंडळाची आश्वासन समिती आहे, तिला लिहा. तिच्याकडे पत्र पाठवायला आमदार असावं लागत नाही.